एक हजार किलोमीटरची वेठ

इंडोनेशियातल्या जावा बेटावर बांडुंगहून सुमेदांगला जाणारा रस्ता चादास पांगेरान नावाच्या खडकाळ घाटातून जातो. घाटातल्या एका वळणावर दोन माणसांचे पुतळे आहेत. एक डच, लष्करी पोशाखातला, हात पुढे केलेला. दुसरा सुमेदांगचा राजपुत्र कुसुमादिनाता. त्यानेही हात पुढे केला आहे, पण डावा. उजवा हात क्रिसवर आहे, म्हणजे जावातल्या त्या नागमोडी कट्यारीवर. जावात डावा हात पुढे करणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही प्रसादासाठी डावा हात पुढे केला की आजी हातावर चापट मारते.

लोक सांगतात ती गोष्ट अशी. खडक फुटत नव्हता, हत्यारं पुरी नव्हती, सुमेदांगची माणसं कामावर मरत होती. पाहणीला आलेल्या गव्हर्नर जनरलला राजपुत्राने डावा हात दिला आणि तोंडावर सांगितलं की माझी रयत मरते आहे. इतिहासकारांना ही भेट झाल्याबद्दल शंका आहे, आणि त्याला कारणही आहे. त्या घाटातल्या जुन्या शिलालेखात कामाच्या तारखा नोव्हेंबर 1811 ते मार्च 1812 अशा आहेत. तोपर्यंत तो गव्हर्नर जनरल जावा सोडून गेला होता आणि बेटावर ब्रिटिशांचा अंमल सुरू झाला होता. म्हणजे हस्तांदोलन बहुधा घडलंच नाही. पण ते घडायला हवं होतं असं एका प्रदेशाला इतकं मनापासून वाटलं, की लोकांनी ते दगडासिमेंटात उभं केलं. कुणीतरी त्या माणसाला तोंडावर काही बोललं असतं, ही इच्छा त्या पुतळ्यात आहे. माझ्या दृष्टीने तोही पुरावाच आहे.

तो डच म्हणजे हेरमान विलेम डान्डेल्स. 1808 ते 1811 अशी जेमतेम साडेतीन वर्षं तो जावाचा गव्हर्नर जनरल होता. त्याच्या आधी आणि नंतर आलेल्या बहुतेक गव्हर्नरांची नावं लोक विसरले, याचं राहिलं. 'मार्शल गुन्तुर' असं त्याला म्हणत. गुन्तुर म्हणजे ढगांचा गडगडाट. बेटाच्या पश्चिम टोकाला आन्यर आणि पूर्वेला पानारुकान, यांना जोडणारा सुमारे 1000 किलोमीटरचा टपाल रस्ता त्याच्या नावावर जमा आहे. हे नाव इतकं चिकट आहे की दक्षिण किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच रस्त्यालाही लोक 'डान्डेल्सचा रस्ता' म्हणतात. त्या रस्त्याचा या माणसाशी काही संबंध नाही. त्याला ते नाव याच आडनावाच्या, पुढे आलेल्या एका लहान अधिकाऱ्यावरून पडलं.

'डान्डेल्सने जावाचा महामार्ग बांधला.' शाळेच्या पुस्तकात, पर्यटकांच्या माहितीपत्रकात, कुठेही हे वाक्य सापडतं. ते चुकीचं आहे आणि ते बदललं पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे. हा शब्दच्छल नाही. ज्याने हुकूम दिला तो कर्ता आणि ज्यांनी खडक फोडला ते वाक्यातच नाहीत, अशी भाषा दोनशे वर्षं वापरली की कामाचा मोबदला कुणाला द्यायचा राहिला हा प्रश्नच मनात उठेनासा होतो.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: तो त्याच्या काळाचा माणूस होता, आजची मोजपट्टी त्याला लावू नका. ठीक आहे, त्याच्याच काळाची लावू.

डान्डेल्सचा जन्म 1762 चा, हेल्डरलँडमधल्या हाटेम या लहानशा गावातला. शिक्षणाने वकील. तारुण्यात तो 'पॅट्रियट' चळवळीत शिरला. वंशपरंपरेने राज्य चालवणाऱ्या ऑरेंज घराण्याच्या सत्तेला आव्हान देणारी ही नागरिकांची चळवळ. 1786 मध्ये सत्ताधाऱ्यांचं सैन्य हाटेमवर चालून आलं तेव्हा गावाच्या बचावात तो पुढे होता. पुढच्या वर्षी प्रशियाच्या फौजांनी चळवळ मोडून काढली आणि त्याला फ्रान्सला पळावं लागलं. तिथे त्याने क्रांती डोळ्यांनी पाहिली, तिच्या सैन्यात शिरला, आणि 1795 च्या जानेवारीत गोठलेल्या नद्या ओलांडून फ्रेंचांबरोबर सेनापती म्हणून मायदेशी परतला. त्याच महिन्याच्या अखेरीस हॉलंडच्या नव्या लोकप्रतिनिधींनी माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. म्हणजे माणूस जन्मतः कुणाच्या मालकीचा नसतो हा विचार डान्डेल्सला पुस्तकातून कळलेला नव्हता. त्याच्यासाठी त्याने घर सोडलं होतं, बंदूक उचलली होती.

आणि वसाहतींचं काय, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचलाच नाही, असंही नाही. 1797 मध्ये पीटर फ्रेडे या प्रतिनिधीने बाटाव्हियन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे क्रांतीनंतरच्या हॉलंडच्या, राष्ट्रीय सभेत गुलामगिरी बंद करण्याची बाजू मांडली. ती फेटाळली गेली. 1799 मध्ये, म्हणजे डान्डेल्स जावाला निघण्याच्या आठ वर्षं आधी, डर्क फान होगेनडॉर्प या जावात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने सविस्तर मसुदा छापला. सक्तीची वसुली आणि वेठ बंद करा, शेतकऱ्याला जमिनीचा हक्क द्या, तो आपणहून पिकवेल आणि विकेल, असं त्यात लिहिलेलं होतं. तेही बाजूला पडलं. पण बाजूला सारायला ते टेबलावर असावं लागतं. ज्या काळात पर्याय मांडले गेले, छापले गेले आणि नाकारले गेले, त्या काळाच्या आड लपता येत नाही.

डान्डेल्सला जावाला पाठवलं ते लुई बोनापार्टने. नेपोलियनने 1806 मध्ये आपल्या या भावाला हॉलंडच्या गादीवर बसवलं होतं. जुनी डच ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोर होऊन 1799 अखेर विसर्जित झाली होती. (हीच ती कंपनी जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. त्या वखारीच्या भिंती आजही उभ्या आहेत.) तिचा मुलूख सरकारकडे आला होता आणि समुद्र ब्रिटिशांच्या ताब्यात होता. नव्या गव्हर्नर जनरलला जावा राखायचा होता. ब्रिटिश आरमार चुकवत, लिस्बन आणि कॅनरी बेटांवरून, तो 1808 च्या जानेवारीत आन्यरला उतरला. उतरल्यावर काही महिन्यांतच, 5 मे 1808 रोजी, त्याने बाउटेनझोर्खपासून, म्हणजे आजच्या बोगोरपासून, चिरेबोनच्या दिशेने रस्ता काढण्याचा हुकूम दिला. बऱ्याच ठिकाणी आधीच्या वाटा होत्या, त्या रुंद करून जोडायच्या होत्या. पण बोगोरच्या पुढे मेगामेंदुंगचा डोंगर आहे, रान आहे, पाऊस आहे. तिथे वाट नव्हती.

इथे पैशाचा मुद्दा येतो, आणि तो नीट पाहायला हवा, कारण अलीकडे काही इंडोनेशियन इतिहासकारांनी डान्डेल्सच्या बाजूने तोच पुढे केला आहे. त्यांचं म्हणणं असं की या पहिल्या टप्प्यासाठी सरकारने 30,000 रिक्सडालर (तेव्हाचं डच चलन) मंजूर केले होते. मजुरांना रोख मजुरी, तांदूळ आणि मीठ द्यायचं ठरलं होतं. पैसा स्थानिक सरदारांमार्फत जायचा होता, आणि तो मजुरांपर्यंत पोचला नसेल तर दोष त्या सरदारांचा. हे खरं मानू. मंजुरीचे कागद आहेत, आणि मधल्या मध्ये मजुरी खाणारा मुकादम ही जात काही एकट्या जावाची नाही.

पण हा टप्पा कारांगसंबुंगला संपत होता. मग त्याच्या पुढे काय झालं? पहिल्या टप्प्यानंतर तिजोरीत पैसा उरला नव्हता. ब्रिटिशांच्या नाकेबंदीमुळे कॉफी गोदामात पडून होती, विकली जात नव्हती. तेव्हा पुढच्या प्रदेशांतल्या सरदारांना सांगितलं गेलं की तुमच्या हद्दीतला रस्ता तुमच्या रयतेकडून करून घ्या. डचांच्या दप्तरात याला हेरेनडिन्स्टेन म्हणत, मालकाची सेवा. इंडोनेशियात आज रोदी म्हणतात. आपला शब्द वेठ.

म्हणजे एकाच रस्त्याच्या एका तुकड्यावर मजुरी होती आणि दुसऱ्यावर वेठ. मला यातच सगळं उत्तर दिसतं. मजुरी द्यावी लागते हे डान्डेल्सला माहीत होतं. त्याने ती एका ठिकाणी मंजूर केली आणि पैसा संपला तेव्हा काम थांबवलं नाही, मजुरी थांबवली. रिकाम्या तिजोरीची भरपाई शेतकऱ्याच्या दिवसांनी झाली. तो दिवस कुठून आला? त्याच्या भातलावणीतून, कापणीतून, घरच्या गळक्या छपरातून. सरकार जेव्हा कर्ज काढतं तेव्हा सावकाराचं नाव आणि रक्कम लिहून ठेवतं. हे कर्ज लाखो दिवसांचं होतं आणि त्याची चिठ्ठी कुणाच्या हातात पडली नाही. पैसा उभा करण्याचे दुसरे मार्ग त्याला ठाऊक नव्हते असंही नाही. 1810 मध्ये त्याने प्रोबोलिंगो हा सगळा जिल्हा एका श्रीमंत चिनी सरदाराला दहा लाख रिक्सडालरला हप्त्यांनी विकला आणि त्या येणे रकमेच्या भरवशावर कागदी चलन काढलं. जमीन विकली गेली, तिच्यावरच्या माणसांसकट.

कामावर किती माणसं मेली? नेहमी सांगितला जाणारा आकडा 12,000 आहे. तो ब्रिटिशांकडून आला, म्हणजे शत्रूकडून. तेव्हा तो फुगवलेला असू शकतो, आणि डान्डेल्सचे समर्थक ते आवर्जून सांगतात. मीही त्या आकड्यावर पैज लावणार नाही. पण या वादात एक गोष्ट हरवते. मेलेल्यांचा आकडा शत्रूकडून घ्यावा लागतो, कारण ज्याच्या कामावर ती माणसं मेली त्याने त्यांची नावनिशीवार यादी ठेवली नाही. हिशेब न ठेवणाऱ्याला हिशेबाच्या शंकेचा फायदा द्यायचा हा न्याय मला मान्य नाही.

सरदारांवर खापर फोडण्याचा युक्तिवाद बांतेनमध्ये पार कोसळतो. जावाच्या पश्चिम टोकाला आरमारी तळ हवा म्हणून डान्डेल्सने बांतेनच्या सुलतानाकडे माणसं मागितली. दलदलीचा, हिवतापाचा मुलूख. माणसं मरू लागली, उरलेली पळू लागली. डान्डेल्सने आणखी माणसं मागितली. सुलतानाच्या दरबाराने नकार दिला आणि त्या तंट्यात डचांचा वकील मारला गेला. नोव्हेंबर 1808 मध्ये डान्डेल्स स्वतः फौज घेऊन सुरोसोवानच्या राजवाड्यावर गेला, प्रधानाला ठार करवलं आणि सुलतानाला आंबोनला हद्दपार केलं. इथे मधला कुणी नव्हता. माणसं मरताहेत हे त्याला सांगितलं गेलं होतं, आणि त्याचं उत्तर तोफांनी आलं.

त्याच्या बाजूने जे खरं आहे तेही लिहितो. कंपनीच्या काळात प्रत्येक अधिकारी आपली वेगळी दुकानदारी चालवत असे. ती त्याने मोडायचा प्रयत्न केला, पगार ठरवून दिले, नजराणे बंद केले, न्यायालयांची घडी बसवली. जावाच्या राजदरबारात डच रेसिडेंटने सुलतानापुढे झुकायचं नाही, त्याच्या बरोबरीने बसायचं, असा फतवा त्याने 1808 मध्ये काढला. क्रांतीची समता त्याने जावात आणली ती इथवरच. अधिकारी राजाच्या आसनापर्यंत वर चढला, शेतकरी होता तिथेच राहिला. योग्यकर्तामध्ये या अपमानाची जखम चिघळत गेली. पुढे 1825 मध्ये राजपुत्र दिपोनेगोरोच्या नेतृत्वाखाली जे पाच वर्षांचं युद्ध पेटलं त्याच्या कारणांत ही जखम होती.

रस्त्याकडे परत येऊ, कारण तिथे एक लहानशी वस्तू आहे जी मला फार बोलकी वाटते. रस्त्याच्या कडेने साधारण दीड किलोमीटरवर एक खूण रोवायची असा हुकूम होता. तिला 'पाल' म्हणत आणि त्यावरून अंतरही पालांत मोजायची पद्धत जावात रूढ झाली. आपल्या मैलाच्या दगडासारखीच, पण तिचं काम दुहेरी होतं. प्रवाशाला ती अंतर सांगत असे. आजूबाजूच्या गावांना ती सांगत असे की इथपासून तिथपर्यंतची दुरुस्ती तुमची. पावसाने भराव वाहून गेला, दरड आली, की ज्यांची ती हद्द त्यांनी यायचं. म्हणजे रस्ता बांधून झाला आणि वेठ संपली असं झालं नाही. वेठ दगडात रोवली गेली.

आणि तो रस्ता वापरायचा कुणी? टपालाचे घोडे, फौज, अधिकाऱ्यांच्या बग्ग्या. शेतकऱ्याच्या रेड्याच्या गाड्यांनी खडी उखडते म्हणून मूळ रस्त्यावर त्यांना मज्जाव होता. त्यांच्यासाठी बाजूने वेगळी कच्ची वाट होती. ज्याने खडी फोडून पसरली त्याची गाडी बाजूच्या चिखलातून चालली होती. 'रस्ता लोकांच्या उपयोगी पडला' असं म्हणणाऱ्यांनी त्या चिखलाच्या वाटेचाही हिशेब धरावा.

ज्या कामासाठी म्हणून हे सगळं केलं ते तरी साधलं का? नेपोलियनने डान्डेल्सला परत बोलावलं आणि 1811 च्या मे महिन्यात यान्सेन्स त्याच्या जागी आला. ऑगस्टच्या 4 तारखेला ब्रिटिश फौज बाटाव्हियाजवळ, म्हणजे आजच्या जकार्ताजवळ, उतरली. ती हिंदुस्थानातून आली होती. सुमारे 12,000 सैनिकांपैकी जवळजवळ निम्मे मद्रास आणि बंगालकडचे शिपाई होते. 18 सप्टेंबरला यान्सेन्सने शरणागती लिहून दिली. पंचेचाळीस दिवस. संरक्षणाच्या नावाने उपसलेल्या त्या कष्टांनी जावा दोन महिनेही राखला नाही.

उरतो तो शेवटचा आणि सगळ्यात दमदार युक्तिवाद: काही का असेना, रस्ता राहिला, शहरं वसली, बाजार जोडले गेले. हे खरं आहे. बांडुंग शहर त्याचंच अपत्य. 1810 मध्ये डान्डेल्सने तिथल्या सरदाराला ठाणं हलवून नव्या रस्त्यावर आणायला लावलं. गावाच्या शून्य किलोमीटरच्या दगडावर आजही दोन्ही दिशांची अंतरं कोरलेली दिसतात, एका बाजूला 18, दुसऱ्या बाजूलाही 18. 1955 च्या एप्रिलमध्ये याच रस्त्यावरून नेहरू, नासर, चाउ एन लाय हे नेते हॉटेलातून परिषदेच्या इमारतीकडे चालत गेले. 29 देश जमले होते, बरेचसे नुकतेच वसाहतवादातून सुटलेले. त्या तुकड्याला आता आशिया-आफ्रिका रस्ता म्हणतात. मला हे नामांतर फार आवडतं. पण रस्त्याचा पुढचा उपयोग हे बांधणाऱ्यांचं श्रेय आहे, बांधायला लावणाऱ्याचं ते कसं होईल? चोरीच्या पैशातून बांधलेल्या विहिरीला गोड पाणी लागलं म्हणून चोरी माफ होत नाही. शिवाय याच रस्त्याने, याच सरदारांच्या साखळीने आणि याच वेठीने 1830 पासून सक्तीच्या लागवडीची पद्धत चालली, आणि जावाच्या कॉफी-साखर-निळीचा पैसा हॉलंडच्या तिजोरीत गेला. ती पद्धत आणणारा फान डेन बॉश डान्डेल्सच्या काळात जावातच लष्करी अधिकारी होता. उपयोग मोजायचा तर हाही त्यातच मोजावा लागतो.

आपल्याला हा विषय परका वाटायचं कारण नाही. मराठेशाहीच्या सनदांमध्ये ज्या करांतून आणि बाबींतून सूट दिली जाई त्यांत 'वेठबेगार' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. वेठ हा कर आहे, हे आपल्या जुन्या कारकुनांना स्वच्छ ठाऊक होतं. तो धान्यात किंवा नाण्यात न घेता माणसाच्या दिवसांत घेतला जातो एवढंच. 'वेठीस धरणं' हा वाक्प्रचार आपण आता संप झाला, रस्ता अडला की वापरतो. मुळात धरणारा वरचा असे आणि धरला जाणारा खालचा.

2022 च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी गुलामगिरीबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. चांगलंच झालं. पण मेगामेंदुंगच्या डोंगरात खडक फोडणारा माणूस कायद्याने गुलाम नव्हता. तो स्वतःच्या घरात राहणारा, स्वतःचं शेत कसणारा रयत होता, ज्याला हुकूम आला की जावं लागे. गुलामाचं निदान खरेदीखत असतं, बाजारभाव असतो, म्हणून इतिहासकाराला तो सापडतो. वेठीचा माणूस कागदावर खेड्याच्या नावाने एक आकडा म्हणून असतो. त्याचे वारस मोजता येत नाहीत, म्हणून त्याचं देणंही कुणी काढत नाही. निदान पाटीवर आणि पुस्तकात वाक्य तरी बदला: हा रस्ता जावाच्या शेतकऱ्यांनी बांधला, डान्डेल्सच्या हुकमावरून, बहुतेक ठिकाणी मजुरीशिवाय. यात अतिशयोक्ती नाही, अपमान नाही, फक्त कर्ता जागेवर आहे.

यावरही कुणी म्हणेल की हुकूम देणारा तसा खमका नसता तर रस्ता झालाच नसता. योगायोगाने हे तपासून पाहता येतं, कारण डान्डेल्सने दुसराही एक रस्ता काढायला घेतला होता. जावा सोडल्यावर तो नेपोलियनबरोबर रशियाच्या मोहिमेवर गेला, मग पोलंडमधला मोडलिनचा किल्ला त्याने लढवला आणि 1813 अखेर शत्रूच्या हवाली केला. नव्या डच राजाने त्याला 1815 मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या सुवर्ण किनाऱ्यावर, एल्मिनाचा गव्हर्नर नेमलं. तोच माणूस, तोच धडाका. तिथेही त्याने पहिल्यापासून रस्त्याचाच ध्यास घेतला. एल्मिनापासून आतल्या अशान्ती राज्याच्या राजधानीपर्यंत, कुमासीपर्यंत, थेट मार्ग काढायचा. त्यासाठी त्याने हाउडेकोपर नावाच्या एल्मिनाच्याच एका मिश्रवंशीय माणसाला वकील म्हणून राजा ओसेई बोन्सूच्या दरबारी पाठवलं, भेटी दिल्या, बोलणी केली. पण तिथे डचांचे होते ते फक्त किनाऱ्यावरचे किल्ले. किल्ल्याच्या दारापासून कुमासीपर्यंतच्या मुलखात त्यांचा हुकूम चालत नव्हता. मोजून माणसं पाठवणारे सरदार नव्हते, आणि पाल रोवून ज्यांच्या गळ्यात दुरुस्ती घालावी अशी गावं नव्हती. 2 मे 1818 रोजी एल्मिनात तापाने त्याचा मृत्यू झाला. कुमासीचा रस्ता तोवर झाला नव्हता.